छोट्या हॉटेलात मंद संगीत: स्पीकर, वायरिंग आणि परवान्यासह पूर्ण मांडणी

चाळीस-पन्नास खुर्च्यांच्या हॉटेलात गाणी लावायची ठरली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. गल्ल्याच्या वर दोन मोठे स्पीकर ठोकले जातात आणि मालकाच्या फोनवरून गाणी सुरू होतात. गल्ल्याजवळ बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर नुसती धपधप पोहोचते. कोपऱ्यातला म्हणतो ‘जरा वाढवा’, पुढचा म्हणतो ‘जरा कमी करा’, आणि वेटर दिवसभर बटणाशी ये-जा करतो. यावर खात्रीचा उपाय आहे: मोठे दोन स्पीकर घेण्याऐवजी लहान सहा-आठ घ्या, सगळीकडे वाटून लावा आणि प्रत्येकाला हळू वाजू द्या. पुढची सगळी मापं, वायरी आणि हिशेब यासाठीच आहेत.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक जागा धरून चालू. मुख्य हॉल २० बाय ३० फूट, उंची १० फूट. बाजूला १२ बाय १५ ची एसी फॅमिली रूम. पुढे ओट्यावर चार टेबलं. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापासून पुण्या-नाशिकपर्यंत अशी हॉटेलं शेकड्यांनी आहेत.

आधी जागा ऐका

स्पीकर घ्यायला निघण्याआधी रविवारी दुपारच्या गर्दीत हॉलच्या मधोमध दहा-पंधरा मिनिटं बसा. फोनवर डेसिबल मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. फोनचं माप काटेकोर नसतं, पण एका टेबलाची दुसऱ्याशी तुलना करायला पुरतं. समोरच्या माणसाचं साधं बोलणं एका मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. हॉलचा गोंगाटच ७५ च्या पुढे जात असेल, तर संगीताने त्यात भरच पडणार. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो, ते ऐकून शेजारचं टेबल आणखी चढतं. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घसातज्ज्ञाने १९११ सालीच हे मांडलं होतं. भरल्या हॉटेलात ते रोज दिसतं.

आपल्याकडच्या हॉटेलात आवाज शोषून घेणारं काही नसतंच. खाली विट्रिफाइड फरशी, ग्रॅनाइटची टेबलं, समोर काच, वर उघडा स्लॅब आणि हातात स्टीलची ताटं. हॉल रिकामा असताना मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळी जागच्या जागी संपली तर ठीक. तिच्यामागे थरथरत लांबणारी शेपटी ऐकू आली, तर कितीही महागडा स्पीकर लावा, गाण्याचे शब्द एकमेकांत मिसळणार.

म्हणून पहिला खर्च इथे करा. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट घाला. खरकटी ताटं ज्या टबात पडतात, त्याच्या तळाशी रबरी मॅट टाका. या एका गोष्टीने ताटांचा खणखणाट किती कमी होतो, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. भटारखान्याच्या दाराला आपोआप मिटणारा क्लोजर बसवा आणि मिक्सर दारासमोरून हलवा. एक्झॉस्ट पंखा खडखडत असेल तर त्याचं बेअरिंग बदला. एवढं करूनही हॉल घुमत असेल, तर ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या पाट्या कापडात मढवून छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागात लावा. अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा स्वस्त फोम मात्र लावू नका. तो बोलण्याचा गोंगाट फारसा शोषत नाही आणि पेटला तर काळा विषारी धूर सोडतो.

स्पीकर किती आणि कुठे

छतातून खाली बघणारा साधा स्पीकर आवाज छत्रीसारखा पसरवतो. त्याचा कोन ९० अंश धरू. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ४ फुटांवर असतो आणि छत १० फुटांवर, म्हणजे मधलं अंतर ६ फूट. ९० अंशांच्या कोनात कानाच्या पातळीवर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास या अंतराच्या दुप्पट, म्हणजे १२ फूट. वर्तुळं थोडी एकमेकांवर यायला हवीत, म्हणून दोन स्पीकरमध्ये १० फूट ठेवा.

आपल्या हॉलात हे गणित नीट बसतं. रुंदीत दोन आणि लांबीत तीन, एकूण सहा स्पीकर. भिंतीपासून पहिला ५ फुटांवर, पुढचा १५ वर, त्यापुढचा २५ वर. फॅमिली रूमला दोन पुरतात आणि ओट्याला दोन. तुमचं छत ८ फुटांचं असेल तर वर्तुळ ८ फुटांवर येईल आणि स्पीकर वाढतील. छत १३-१४ फूट उंच असेल तर छतात लावण्यापेक्षा तारेने खाली सोडलेले टांगते स्पीकर घ्या.

फॉल्स सीलिंग असेल तर काम सोपं. स्पीकरसोबत येणाऱ्या कागदी साच्याने गोल कापा आणि प्रत्येक स्पीकरला वरच्या स्लॅबपर्यंत एक वेगळी स्टीलची तार बांधा. नुसत्या पीओपीच्या भरवशावर दीड-दोन किलोचं वजन गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवू नये. उघडा स्लॅब असेल तर चार-पाच इंची पेटी स्पीकर समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंतींवर ७ ते ८ फुटांवर लावा. ते तोंड खाली झुकवून आणि एकमेकांच्या बरोबर समोर न येता आडवे-तिडवे बसवा. भिंतीच्या कोपऱ्यात, दोन भिंती आणि छत मिळतात तिथे, लहान पेटीही विनाकारण ढोलासारखी घुमते. शक्यतो कोपरा टाळाच. स्पीकर पंख्याच्या पात्यामागे आला तर आवाज फडफडतो, तेही बघा.

एक स्पीकर गल्ल्याच्या नेमका वर येत असेल तर तो दोन-तीन फूट सरकवा. तिथे दिवसभर हिशेब आणि फोनवर पार्सलच्या ऑर्डरी चालतात.

किती वॅट? वाटतं त्यापेक्षा फार कमी

दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक याच प्रश्नावर होते. स्पीकरच्या कागदावर ‘८८ डीबी, १ वॅट, १ मीटर’ असं काहीसं लिहिलेलं असतं. एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे बसलेल्याच्या कानाशी, दोनेक मीटरवर, ८२ राहिले. आपल्याला हवेत ६५ ते ६८. म्हणजे सरासरी एका वॅटचा विसावा भागही लागत नाही. तबल्याची थाप किंवा गाण्यातली उसळी फाटू नये म्हणून वीसपट राखीव धरलं, तरी एका स्पीकरला एखादा वॅट. तेव्हा स्पीकरमागे ५ वॅट भरपूर आहेत. ‘५०० वॅट’ लिहिलेला खोका लग्नाच्या मांडवाला ठीक, चाळीस खुर्च्यांना नाही.

१०० व्होल्टची लाइन की ८ ओहम

घरच्या स्पीकरचा विजेला होणारा रोध साधारण ८ ओहम असतो. असे चार स्पीकर एकाला एक पॅरलल जोडले की अँपला, म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या अँप्लिफायरला, २ ओहम दिसतात. बरेचसे अँप ४ ओहमच्या खाली चालायला बनवलेलेच नसतात. ते तापतात, मध्येच बंद पडतात किंवा आउटपुट उडतं. दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडून त्या जोड्या पॅरलल केल्या तर पुन्हा ८ ओहम मिळतात, म्हणून एका खोलीत चारच स्पीकर असतील तर हे चालतं. पण आपल्या दहा स्पीकरना आणि तीन जागांना ही कसरत झेपत नाही.

त्यापेक्षा शाळा, देवळं आणि रेल्वे स्टेशनांवर असते तशी १०० व्होल्टची लाइन घ्या. यात प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यावर २.५, ५, १० वॅट असे टॅप असतात, म्हणजे तो स्पीकर किती वॅट घेणार ते ठरवणारी जोडणीची टोकं. सगळे स्पीकर एकाच दोन वायरींवर पॅरलल जोडत जायचं आणि टॅपांची नुसती बेरीज करायची. आपल्या हॉटेलात हॉलचे सहा स्पीकर ५ वॅटवर म्हणजे ३०, फॅमिली रूमचे दोन ५ वर म्हणजे १०, उघड्या ओट्यावरचे दोन १० वर म्हणजे २०. एकूण ६० वॅट. अँपवर २० टक्के मोकळीक ठेवायची, म्हणजे किमान ७५ वॅटचा अँप हवा. बाजारात त्याच्या वरचा जो मिळेल, समजा १०० किंवा १२० वॅटचा, तो घ्या. आहुजासारख्या कंपन्यांचे असे मिक्सर अँप गावोगावच्या साउंडवाल्यांच्या ओळखीचे असतात, त्यामुळे दुरुस्तीला अडत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ दोन-चार दुकानं फिरून, वाजवून बघून घ्या.

अँपच्या मागे ४, ८, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असे बरेच स्क्रू असतात. एक वायर ‘कॉम’वर आणि दुसरी १०० वर, बस्स. त्याच वेळी ८ ओहमवर आणखी एखादा स्पीकर लटकवायचा नाही. आणि १०० व्होल्ट म्हणजे झटका बसेल एवढा दाब आहे. जोडणीला हात लावण्याआधी अँप बंद करा.

हॉल, फॅमिली रूम आणि ओटा यांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. प्रत्येक जागेच्या लाइनवर १०० व्होल्टचाच व्हॉल्यूम कंट्रोल बसवा आणि त्याची क्षमता त्या जागेच्या एकूण वॅटपेक्षा जास्त घ्या. हे बटण गिऱ्हाइकाच्या हाती लागेल अशा ठिकाणी नको.

आणि सगळं मोनो ठेवा, म्हणजे प्रत्येक स्पीकरमधून एकच आवाज. डाव्या स्पीकरमध्ये गिटार आणि उजव्यात बासरी, असं वाटलेलं गाणं एका टेबलावर अर्धंच पोहोचतं.

वायरिंग

१०० व्होल्टच्या लाइनला १ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर पुरते, कारण ६० वॅटला विद्युतप्रवाह जेमतेम ०.६ अँपिअर असतो. ८ ओहमचा मार्ग घेतला असेल तर १.५ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. २० मीटर लांब ०.५ ची बारीक वायर टाकली तर दाबाचा सहावा हिस्सा वायरीतच जिरतो. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण ती स्क्रूखाली सैल होत जाते.

लाइटच्या वायरी ज्या पाइपातून गेल्या आहेत त्यातून स्पीकरची वायर ओढू नका, वायरमन कितीही म्हणाला तरी. वेगळी केसिंग पट्टी टाका, लाइटच्या लाइनपासून फूटभर अंतर ठेवा आणि जिथे ओलांडायचीच असेल तिथे काटकोनात ओलांडा. सगळीकडे एकाच रंगाची वायर प्लसला ठेवा. शेजारशेजारचे दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले तर त्यांच्या मधल्या टेबलावर आवाज पोकळ होतो, खर्ज गायब होतो. शंका आली तर दोघांच्या मधोमध उभं राहून खर्जाचं काही लावा, एका स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघा आणि ज्यात आवाज भरीव येईल ती जोडणी कायम करा.

वायरी अँपला लावण्याआधी वायरमनकडून इंपीडन्स (आवाजाच्या सिग्नलला होणारा एकूण रोध) मोजणाऱ्या मीटरने प्रत्येक लाइन मोजून घ्या. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही, तो ट्रान्सफॉर्मरच्या तारेचाच रोध दाखवतो. १०० व्होल्टच्या लाइनला १०,००० भागिले एकूण वॅट एवढे ओहम दिसायला हवेत. हॉलच्या ३० वॅटला सुमारे ३३३. फारच कमी आले तर कुठल्यातरी स्पीकरचा टॅप चुकलाय किंवा वायर टेकतेय. आलेला आकडा अँपच्या कपाटात आतून लिहून ठेवा.

अँप भटारखान्यात नको. तेलाची वाफ आत शिरते आणि पंख्याला चिकटते. गल्ल्याखालचं कपाट चालेल, पण मागे-पुढे हवा खेळायला जागा सोडा. त्याला वेगळा तीन पिनी सॉकेट आणि नीट अर्थिंग द्या. लोडशेडिंगच्या गावात अँप इन्व्हर्टरवर घेणार असाल तर साइन वेव्हचाच इन्व्हर्टर हवा, चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर स्पीकर गुरगुरतात.

गाणं येणार कुठून

मालकाच्या फोनवर ब्लूटूथने गाणी लावली की फोन आला तर गाणं थांबतं आणि मालक बाहेर गेला तर संगीतच बंद पडतं. एक जुना टॅब्लेट किंवा साधा प्लेयर फक्त याच कामाला ठेवा आणि अँपशेजारी ठेवून लहान वायरीने जोडा. फोन-टॅब्लेटमधून डावा-उजवा असे दोन आवाज निघतात आणि अँप मोनो असतो. दोघांना सरळ एकत्र पिळून जोडू नये, आणि फक्त डावाच जोडला तर गाण्यातली अर्धी वाद्यं हरवतात. दोन्ही वायरींत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर टाकून मग एकत्र करा. हे काम कुठलाही रेडिओ दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो. प्लेयरमध्ये सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

परवाना

हे काम पुढे ढकललं जातं, म्हणून सविस्तर सांगतो. हॉटेलात गाणं लावणं म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लोकांपर्यंत पोहोचवणं. घरी भरलेल्या अ‍ॅपच्या वर्गणीत हा हक्क येत नाही. स्पॉटिफाय किंवा यूट्यूबच्या अटींत वैयक्तिक, बिगरव्यापारी वापर असंच म्हटलेलं आहे. एफएम रेडिओ लावला तरी सुटका नाही. रहिवाशांच्या सामाईक हॉलला कायद्याने जी सूट दिली आहे, तिच्यातून हॉटेल स्पष्टपणे वगळलेलं आहे. उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, १९६९ पासूनची. ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल ही १९४१ पासूनची कंपनी, शिवाय आरएमपीएल आणि नोव्हेक्स. कोणाकडे कुठल्या कंपन्यांची गाणी आहेत ते त्यांच्या संकेतस्थळांवर बघा आणि तुम्ही खरोखर जी गाणी लावता त्यांचाच परवाना मागा. ध्वनिमुद्रणांचे परवाने नेमके कोणी द्यायचे यावरून मुंबई आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत खटले झालेले आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी एकदा वकिलाला विचारा आणि पावती, मुदत, खुर्च्यांची संख्या हे कागदावर घ्या.

जुन्या गाण्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९६० सालच्या तबकडीची मुदत २०२० अखेर संपली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसतं.

मला सगळ्यात आवडलेला मार्ग वेगळा आहे. गावातल्या चांगल्या बासरी किंवा सतार वादकाकडून रागसंगीताचं काही तासांचं ध्वनिमुद्रण करून घ्या. त्याला रीतसर मानधन द्या आणि हॉटेलात वाजवण्याचा लेखी करार करा. त्यात फिल्मी चाली येऊ देऊ नका. जेवणाच्या वेळेला शब्द नसलेलं संगीत मला जास्त योग्य वाटतं, कारण ओळखीच्या गाण्याचे शब्द माणसाचं बोलणं मध्येच तोडतात. वादकालाही चार पैसे मिळतात.

ओट्यासाठी वेगळी काळजी घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत व्यापारी भागाची मर्यादा दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल आहे, निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते. तुमच्या साउंडचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. ओट्याची लाइन दहाच्या आधी बंद करायची सवयच लावून घ्या.

आवाज बसवणं

हॉल रिकामा असताना फोनवरून ‘पिंक नॉइज’ नावाची सपाट खळखळ लावा आणि प्रत्येक टेबलाशी, बसलेल्या कानाच्या उंचीवर, आकडा घ्या. सगळी टेबलं ३-४ डेसिबलच्या आत यायला हवीत. एखादं फार वर असेल तर त्याच्यावरच्या स्पीकरचा टॅप ५ वरून २.५ करा, त्याने बरोबर ३ डेसिबल उतरतात.

मग खर्ज कमी करा. अँपवर लो-कट असेल तर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका. लहान स्पीकरला ते झेपत नाही आणि लाइनचे ट्रान्सफॉर्मर खर्जानेच गुदमरतात. गायकाचा आवाज टोचत असेल तर ट्रेबल किंचित उतरवा.

शेवटची परीक्षा गर्दीतच होते. एका टेबलावर दोघांनी समोरासमोर बसून साध्या आवाजात बोलावं. एकानेही ‘काय?’ असं विचारलं की आवाज जास्त आहे. गर्दी वाढली की तीन-चार डेसिबल वाढवायला हरकत नाही, त्यापुढे वाढवू नका. रिकाम्या आणि भरल्या हॉलसाठी बटणावर रंगाचे दोन ठिपके काढा, म्हणजे कुठल्याही पाळीच्या मॅनेजरला अंदाज लागतो.

‘घूं’ असा सततचा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झचा, विजेच्या लाइनचा असतो. बिलिंगच्या कॉम्प्युटरवरून किंवा चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवरून गाणी वाजत असतील तर चार्जर काढून बघा. गुंजन थांबलं तर अर्थिंगचा फेरा झालाय, म्हणजे दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली जाऊन मधल्या ऑडिओ वायरीत विजेची घरघर शिरतेय. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या किंवा मधल्या ऑडिओ वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अँपच्या प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, लोखंडी पेटीत करंट उतरला तर जीव जाईल.

देखभाल

महिन्यातून एकदा स्पीकरच्या जाळ्या सुक्या ब्रशने झाडा. तेलकट हॉटेलात धूळ जाळीवर लेपासारखी बसते आणि वरचे सूर दबतात. पाणी किंवा साबण लावू नका. ओट्यावरच्या स्पीकरवर पावसात चालण्याचं आयपी मानांकन (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) असलं तरी त्यांची जोडणी बंद डबीत ठेवा. कोकणात खाऱ्या हवेने तांब्याला हिरवा गंज चढतो, तिथे ही डबी आणखी गरजेची. उंदीर फॉल्स सीलिंगमधल्या वायरी कुरतडतात, त्यामुळे पावसाळा संपला की दरवर्षी सगळे स्क्रू पुन्हा कसून लाइन मोजा आणि कपाटातल्या आकड्याशी ताडून बघा. हॉलच्या लाइनला ३३३ च्या जागी ४०० ओहम दिसले तर सहापैकी एक स्पीकर सुटलेला आहे.